रांगेत खरी पृथ्वी कुठे उभी?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचं गाव आहे. तिथल्या 'नॅशनल सेंटर फॉर ॲटमॉस्फेरिक रिसर्च' या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संगणकातली आपली पृथ्वी १ जानेवारी १९२० या तारखेवर आणून थांबवली आणि तिच्या हवेच्या तापमानात एक बदल केला. किती? एका अंशाचे एक कोटी तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा कोटी तुकडे करा, आणि त्यातला एक घ्या. साधारण तेवढा. जगातल्या कुठल्याही तापमापकाला हा फरक कळणार नाही. मग मॉडेल २१०० सालापर्यंत चालवलं. पुन्हा १९२०वर परतायचं, तेवढाच पण वेगळा धक्का द्यायचा आणि पुन्हा २१००पर्यंत जायचं. अशा आधी तीस फेऱ्या झाल्या, पुढे चाळीस. मॉडेल एकच, समीकरणं तीच. कार्बन डायऑक्साइड, ज्वालामुखी, सूर्यप्रकाश यांचे आकडेही सगळ्या फेऱ्यांना तेच. जेनिफर के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली या संचाची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध केला.

त्या लेखातलं सगळ्यात जास्त वेळ पाहत राहावं असं पान नकाशांचं आहे. १९७९ ते २०१२ या चौतीस वर्षांत हिवाळ्यातलं तापमान कुठे वाढत गेलं आणि कुठे उतरत गेलं, हे प्रत्येक फेरीसाठी वेगळ्या नकाशात रंगवलेलं आहे. एका नकाशात उत्तर अमेरिकेचा मोठा तुकडा निळा, म्हणजे गार होत गेलेला. शेजारच्या नकाशात तोच तुकडा लालभडक. सायबेरियाचीही तीच तऱ्हा. सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढली की मात्र निळा रंग जवळपास पुसला जातो आणि ध्रुवाकडे गडद होत जाणारा लाल उरतो. आणि एक नकाशा खऱ्या पृथ्वीचा, प्रत्यक्ष नोंदींवरून काढलेला. तो या सरासरीसारखा दिसत नाही. तो त्या बाकीच्या नकाशांच्या गर्दीतलाच आणखी एक वाटतो.

यातली बरोबर फेरी कोणती, हा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. तो प्रश्नच चुकीचा आहे, आणि नेमका का, हे समजून घेण्यात अशा फेऱ्यांच्या मोठ्या समूहांचं सगळं शास्त्र सामावलेलं आहे.

एवढ्याशा धक्क्याने एवढा फरक का पडतो, त्याची गोष्ट आता बऱ्यापैकी सर्वश्रुत आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ साली आपल्या छोट्या मॉडेलची एक फेरी मधूनच पुन्हा सुरू केली. छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा यंत्रात भरला, पण यंत्राच्या स्मृतीत मूळ आकडा ०.५०६१२७ होता. थोड्या वेळात दोन्ही फेऱ्यांचा एकमेकींशी काही संबंध राहिला नाही. वातावरणाची प्रकृतीच अशी आहे. रोजच्या अंदाजाच्या कामात ही गोष्ट लवकर मुरली. युरोपीय देशांचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं केंद्र १९९२पासून एकाच दिवसाचा अंदाज अनेक फेऱ्यांतून देत आलं आहे. पण पन्नास वर्षांच्या कलातही असा योगायोगाचा भाग मोठा असू शकतो, हे पचायला वेळ लागला. दहा-पंधरा दिवसांत हवेची स्मृती संपते, मग पुढचं सगळं सरासरीत जिरून जाईल, असा एक मूक समज होता. तो खरा नाही. समुद्राचं पाणी संथ आहे. प्रशांत महासागर एकदा एका बाजूला कलला की दहा-वीस वर्षं तसाच राहू शकतो, आणि त्याच्याबरोबर खंडांचं तापमान आणि पाऊसही कलतात. बोल्डरच्याच क्लारा डेझर यांनी २०१२च्या सुमारास हे चाळीस फेऱ्यांच्या आधीच्या एका संचातून सविस्तर दाखवून दिलं होतं.

आपण सगळे सरासरीवर फार विसंबतो, म्हणून आधी तिच्याबद्दल. समूहाची सरासरी म्हणजे सगळ्या फेऱ्यांमध्ये सामाईक असलेला भाग. हरितगृह वायू, धूर, ज्वालामुखी या बाहेरच्या कारणांना मॉडेलने दिलेला प्रतिसाद. एका फेरीत एल निनो, म्हणजे पूर्व प्रशांत महासागराचं पाणी तापण्याची अवस्था, १९९१ साली येतो, दुसऱ्या फेरीत १९९४ साली, तिसऱ्यात त्या दशकात मोठा असा येतच नाही. सरासरीत हे सगळे एकमेकांना छेदतात आणि एल निनो नाहीसा होतो. म्हणजे सरासरीच्या रेषेत जे जग दिसतं त्यात एल निनो नाही, दुष्काळी दशक नाही, अकारण गारठलेला हिवाळा नाही. असं जग कुठेच नसतं. खऱ्या पृथ्वीने या रेषेला चिकटून चालावं, ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तरीही वर्तमानपत्रांत आणि वादांत वर्षानुवर्षं हेच चाललं आहे. मॉडेलची एक जाड रेषा, प्रत्यक्षाची दुसरी, दोन्हींत फट, आणि त्यावरून मॉडेल नापास किंवा पास.

या गैरसमजाची मोठी किंमत एकदा मोजावी लागली. १९९८ ते २०१२ या पंधरा वर्षांत जागतिक तापमानवाढीचा वेग मंदावल्यासारखा दिसत होता. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१३च्या अहवालात नोंद आहे की त्या वेळी तपासलेल्या ११४ फेऱ्यांपैकी १११ फेऱ्यांनी प्रत्यक्ष नोंदींपेक्षा जास्त वाढ दाखवली होती. ११४ पैकी १११! न्यायालयात हा पुरावा ठेवला तर आरोपी सुटणं कठीण. पण या ११४ फेऱ्या एका मॉडेलच्या नव्हत्या. कितीतरी मॉडेल्स, कुणाच्या दहा फेऱ्या, कुणाची एकच. मग जो फरक दिसतो तो मॉडेल जास्त तापट असल्याने, की बाहेरच्या कारणांचे आकडे चुकल्याने, की खऱ्या पृथ्वीने त्या पंधरा वर्षांत एक दुर्मीळ पण शक्य असा खेळ खेळल्याने? ही तिन्ही कारणं त्या ढिगात अशी मिसळलेली होती की वेगळी काढायची सोय नव्हती. त्याच वर्षी यू कोसाका आणि शांग-पिंग शिए यांनी एक सुरेख प्रयोग केला. विषुववृत्तीय प्रशांत महासागराच्या पूर्व भागात, म्हणजे पृथ्वीच्या जेमतेम आठ टक्के पृष्ठभागावर, त्यांनी मॉडेलला समुद्राचं प्रत्यक्ष नोंदलेलं तापमान पाळायला लावलं आणि बाकी सगळं मोकळं सोडलं. मॉडेलने मंदावलेली तापमानवाढ जवळजवळ जशीच्या तशी दाखवली. दोषाचा बराचसा भाग त्या आठ टक्के पाण्याच्या वेळापत्रकात होता. नोंदींतही त्रुटी होत्या. झपाट्याने तापणाऱ्या आर्क्टिकमध्ये तापमापकच पुरेसे नसल्याने वाढ कमी दिसत होती, हे पुढच्या वर्षी दाखवलं गेलं. ११४ या आकड्याने घाबरवलं होतं, पण तो आकडा नेमका कशाचा नमुना आहे हे विचारायला हवं होतं.

म्हणून समूह कोणत्या जातीचा हे आधी पाहावं लागतं. वेगवेगळ्या संस्थांची मॉडेल्स एकत्र केली की एक प्रकार होतो. त्याला लोक मतदानासारखं वापरतात, आणि ते मला कधीच पटलेलं नाही. स्वित्झर्लंडच्या रेटो नुट्टी यांनी सहकाऱ्यांसह २०१३ साली या मॉडेल्सची चक्क वंशावळ मांडली. कुणी कुणाकडून ढगांचा भाग उचललाय, कुणाचा समुद्र कुणाकडून आलाय, ते त्यात दिसतं. चुलत-मावस भावंडांनी एकमताने दिलेली साक्ष म्हणजे तितक्या स्वतंत्र साक्षी नव्हेत. दुसऱ्या प्रकारात मॉडेल एकच, पण त्यातले अनिश्चित आकडे मुद्दाम बदलत नेतात. ढगातले थेंब किती झपाट्याने पावसात बदलतात, यासारखे. ऑक्सफर्डहून चालवलेल्या 'क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट' या प्रकल्पाने त्यासाठी लोकांच्या घरातले संगणक वापरले. २००५ साली डेव्हिड स्टेनफोर्थ आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांवर फेऱ्यांचा निकाल दिला. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान दोन अंशांहून कमीपासून अकरा अंशांहून जास्तीपर्यंत कितीही वाढू शकतं, असं त्यातून निघालं. वृत्तपत्रांनी अकरा उचलला. पण त्या फेऱ्यांमधली गर्दी कुठे जास्त आणि कुठे विरळ हे आकडे कसे निवडले त्यावर ठरलं होतं. त्या गर्दीचा शक्यतेशी थेट संबंध नव्हता.

तिसरा प्रकार बोल्डरचा. मॉडेल एक, आकडे तेच, फक्त सुरुवात किंचित वेगळी. आजचे मोठे समूह बहुतेक या जातीचे आहेत. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामान संस्थेचा समूह १०० फेऱ्यांचा आहे, कॅनडाचा ५०चा. बोल्डरने पुढच्या पिढीच्या मॉडेलवर दक्षिण कोरियातल्या बुसानच्या एका केंद्राबरोबर १०० फेऱ्यांचा समूह केला. २०२१ साली जाहीर झालेल्या त्या समूहात १८५० ते २१०० ही अडीचशे वर्षं शंभर वेळा जगून झाली आहेत. मात्र शंभर फेऱ्यांनी मॉडेलची स्वतःची खोड जात नाही. या नव्या मॉडेलमध्ये कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर अखेर पाच अंशांहून जास्त वाढ होते. आयपीसीसीने २०२१ साली संभाव्य मानलेली मर्यादा अडीच ते चार अंशांची आहे. मॉडेल तापट असेल तर शंभरच्या शंभर फेऱ्या तापट निघतात.

तर मग असा समूह खरा की खोटा, हे तपासायचं कसं?

शाळेत प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी करतात. समजा शंभर मुलांची रांग तयार आहे आणि वर्गात एक नवा मुलगा आला. तो याच शाळेचा, याच वयाचा असेल तर रांगेत त्याची जागा कुठेही असू शकते. पहिली, शेवटची किंवा मधली, एकशे एकपैकी प्रत्येक जागा सारख्याच शक्यतेची. समूहाची परीक्षा अशीच घेतात. एका वर्षासाठी शंभर फेऱ्यांची तापमानं चढत्या क्रमाने लावायची आणि खऱ्या पृथ्वीचं तापमान त्यात कितव्या जागी बसतं ते लिहून ठेवायचं. मग पुढचं वर्ष, मग त्याच्या पुढचं. दीडशे वर्षांचे क्रमांक एका स्तंभालेखात मांडले की निदान वाचता येतं. रोजच्या अंदाजाच्या क्षेत्रात हा आलेख फ्रेंच शास्त्रज्ञ ओलिव्हिए तालाग्रां यांच्या नावाने ओळखला जातो. हवामान मॉडेल्सच्या मोठ्या समूहांसाठी लॉरा सुआरेझ-गुतिएरेझ आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली त्याचा पद्धतशीर वापर केला.

आलेख सपाट आला तर ठीक. पृथ्वी सतत रांगेच्या एकाच टोकाला सापडली तर मॉडेल एका बाजूला झुकलेलं आहे. दोन्ही टोकांना गर्दी आणि मध्ये खड्डा दिसला तर समूह फार अरुंद आहे, म्हणजे मॉडेलचं जग खऱ्यापेक्षा शांत आहे आणि प्रत्यक्षातल्या टोकाच्या गोष्टी त्याच्या कल्पनेतच नाहीत. मध्ये उंचवटा आणि टोकं रिकामी दिसली तर उलटं. तिथे समूह इतका पसरट आहे की पृथ्वी नेहमी मधोमध सापडते. या शेवटच्या प्रकाराकडे मला वाचकांचं खास लक्ष वेधायचं आहे, कारण तो पास झाल्यासारखा दिसतो. 'प्रत्यक्ष नोंदी समूहाच्या पट्ट्याच्या आत आहेत' हे वाक्य अहवालांत कितीदा तरी समाधानाने लिहिलेलं सापडतं. पट्टा पुरेसा रुंद केला तर काहीही आत बसतं.

परीक्षेत दोन अडचणी आहेत. एक म्हणजे लागोपाठची वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एल निनोचं वर्ष गेलं तरी त्याची ऊब पुढच्या वर्षात रेंगाळते. त्यामुळे दीडशे वर्षांचे दीडशे पुरावे होत नाहीत, आणि आलेख किती वाकडा झाला म्हणजे खरोखर वाकडा, हे ठरवणं सोपं राहत नाही. दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. खरी पृथ्वी म्हणून आपण जी नोंद वापरतो तीही एकच निश्चित रेषा नाही. जुनी जहाजं बादलीने पाणी वर काढून तापमान मोजत, नंतर इंजिनाच्या नळीतून मोजू लागली. केंद्रं हलली, शहरं वाढली, मोठमोठे प्रदेश रिकामे राहिले. ब्रिटनच्या हवामान खात्याची 'हॅडक्रट५' ही प्रसिद्ध तापमान नोंद म्हणूनच २०० शक्य रूपांमध्ये मिळते. म्हणजे परीक्षा घेणाराही एक समूहच.

आणि आलेख सपाट आला तरी काम संपत नाही. ब्रिटिश हवामान खात्यातल्या ॲडम स्केफ आणि डग स्मिथ यांनी २०१८ साली एका विचित्र गोष्टीचं नाव रूढ केलं, 'सिग्नल-टू-नॉइज पॅरॅडॉक्स'. उत्तर अटलांटिकवरच्या हवेच्या दाबातल्या चढउतारांचा हंगामी अंदाज पाहताना असं आढळलं की समूहाची सरासरी खऱ्या पृथ्वीशी जितकी जुळते तितकी ती त्याच समूहातल्या एखाद्या फेरीशी जुळत नाही. मॉडेल स्वतःच्या जगापेक्षा आपलं खरं जग जास्त चांगलं ओळखतं! याचा अर्थ असा की बाहेरच्या कारणांना मॉडेलचा प्रतिसाद दिशेने बरोबर पण ताकदीने फार दुबळा आहे, आणि त्याची भरपाई जास्तीच्या गोंगाटाने होते. एकूण पसारा खऱ्याइतकाच राहतो. रांगेच्या परीक्षेत असा समूह आरामात उत्तीर्ण होईल, कारण ती परीक्षा फक्त बेरीज पाहते. या विरोधाभासाचं कारण अजून वादात आहे. शतकभराच्या कलांनाही हेच लागू होतं का, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. होत असेल तर अटलांटिकभोवतीच्या प्रदेशांतला बदल मॉडेल्स कमी लेखत आहेत.

मोठे समूह सगळ्यात स्पष्टपणे जिथे नापास झाले ती जागा प्रशांत महासागरच आहे. १९७९पासून चाळीसेक वर्षांत विषुववृत्ताजवळच्या त्याच्या पूर्व भागात, पेरू-इक्वेडोरकडे, पाणी तापण्याऐवजी किंचित गारच झालं. पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला, ते चांगलं तापलं. अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागरही गारठला. मॉडेल्सचा कल बरोबर उलटा आहे, पूर्वेकडे जास्त तापायचं. फेऱ्या मोजक्याच असत्या तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. रॉबर्ट विल्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली १६ मोठे समूह घेऊन विचारलं की १९७९ ते २०२०चा हा नकाशा मॉडेलच्या स्वतःच्या चढउतारांतून किती वेळा निघतो? उत्तर आलं, पाच टक्क्यांहून कमी. पूर्व प्रशांत गार राहण्यात निव्वळ नशिबाचा वाटा किती आणि मॉडेलच्या चुकलेल्या प्रतिसादाचा किती, यावर अजून काम चालू आहे. भारतासाठी ही दूरच्या पाण्याची गोष्ट नाही. पूर्व प्रशांत तापलेल्या एल निनोच्या वर्षांत आपला मान्सून अडखळण्याची शक्यता वाढते. येत्या दशकांत हा समुद्र कुठल्या बाजूला कलणार, यावर आपल्या पावसाचे अंदाज टांगलेले आहेत, आणि नेमकं तिथेच परीक्षकाने लाल शाई वापरली आहे.

कधी कधी मॉडेल निर्दोष असतं आणि त्याला खायला घातलेल्या आकड्यांतच खोट असते. बोल्डर-बुसानच्या शंभर फेऱ्यांत हे घडलं. जंगलं आणि गवताळ रानं जळताना किती धूर निघतो याचे आकडे जगभरच्या सगळ्या मॉडेल गटांना एका ठिकाणाहून पुरवले जातात. १९९७पासून उपग्रहांच्या नोंदी वापरल्यामुळे या आकड्यांत वर्षागणिक मोठे चढउतार आहेत. त्याआधीच्या काळात ते गुळगुळीत आहेत, २०१४नंतरही गुळगुळीत. सरासरी धूर तेवढाच असताना फक्त चढउतारांनी काय होणार? बरंच काही. धुराचे कण ढगांना जास्त पांढरं करतात, पण हा परिणाम सरळ प्रमाणात चालत नाही. स्वच्छ वर्षात ढग जितके विरळ होऊन ऊन आत सोडतात, तितके धुरकट वर्षात ते दाट होत नाहीत. हिशेब जुळत नाही आणि शिल्लक उबेची राहते. उत्तर गोलार्धाच्या वरच्या भागात मॉडेलने या काळात एक खोटी तापमानवाढ दाखवली. ती पकडता आली, कारण शंका आल्यावर उरलेल्या ५० फेऱ्या गुळगुळीत आकड्यांवर चालवल्या होत्या. पन्नास विरुद्ध पन्नास. दोन-तीन फेऱ्या असत्या तर हा फरक गोंगाटात बुडून गेला असता आणि कुणीतरी त्यावर आर्क्टिक बर्फ वितळण्याचा सिद्धान्त मांडला असता.

मान्सूनकडे वळलं की या सगळ्याला धार येते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात भारतातला जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात ठळक आहे. उष्ण हवा जास्त बाष्प धरते, मग पाऊस वाढायला हवा. अहवाल सांगतो की माणसाने सोडलेल्या धूर-धुळीच्या कणांनी ही वाढ मोठ्या प्रमाणात खाऊन टाकली. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने ५७ फेऱ्यांचा समूह तपासला. आकडे बदलत नेणाऱ्या जातीचा हा समूह. १९५० ते १९९९ची घट आणि त्यानंतर २०१३पर्यंत पावसाने घेतलेली उचल, या दोन्हींत बाहेरच्या कारणांचा भाग क्षीण आणि प्रशांत महासागराच्या दशकी हेलकाव्याचा भाग मोठा, असा त्याचा निष्कर्ष आहे. दोघांपैकी एकाला खोटं ठरवायची घाई करू नये. धुराचा परिणाम मॉडेलगणिक खूप बदलतो, आणि एका मॉडेलच्या समूहात तो क्षीण दिसला तर ती मान्सूनची प्रकृती आहे की त्या मॉडेलची, हे दुसऱ्या मॉडेल्सच्या तितक्याच मोठ्या समूहांशिवाय सांगता येत नाही. पण पन्नास वर्षांची घट पाहून पुढचीही पन्नास वर्षं तशीच ओढत नेणाऱ्या नियोजनकर्त्याने हा दुसरा अभ्यास वाचलेला बरा.

पश्चिम घाटाचं तर वेगळंच दुखणं आहे. या मोठ्या समूहांतली बहुतेक मॉडेल्स पृथ्वी ज्या चौकटींत विभागून हिशेब करतात, त्या एकेका बाजूला शंभर किलोमीटरच्या आसपास असतात. अशा एका चौकटीत चिपळूण, कोयनानगर आणि कऱ्हाड एकत्र मावतात. संगणकाला सह्याद्री एखाद्या बुटक्या फुगवट्यासारखा दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाटाखालच्या वाईत त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी, ही आपल्याला पाठ असलेली गोष्ट त्या चौकटीत घडूच शकत नाही. तिथे रांगेची परीक्षा घेऊन आलेख सपाट निघाला तरी त्याचा उपयोग काय? कोयना धरणाच्या आवकेचा प्रश्न विचारायला ती शाळाच वेगळी हवी.

समूहांचा सगळ्यात व्यवहारी उपयोग ब्रिटनमध्ये झालेला दिसतो. २०१३-१४च्या हिवाळ्यात तिथे मोठे पूर आले. अशी घटना नोंदींच्या इतिहासात नसेल, तर तिची शक्यता नोंदींतून कशी काढणार? पस्तीसेक वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या. विकी थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मॉडेलच्या असंख्य फेऱ्यांतले हिवाळे गोळा केले, म्हणजे घडू शकले असते पण घडले नाहीत असे. त्यातून असं निघालं की इंग्लंड-वेल्सच्या किमान एका विभागात कोणत्याही हिवाळ्यात मासिक पावसाचा विक्रम मोडण्याची शक्यता ३४ टक्के आहे, तीही आजच्याच हवामानात. हा आकडा वापरण्याआधी त्यांनी मॉडेलच्या पावसाची सरासरी, पसारा, एका बाजूचा झुकाव आणि शेपटांची, म्हणजे टोकाच्या दुर्मीळ घटनांची, जाडी, हे चारही गुण नोंदींशी जुळतात का ते पाहिलं. ही तपासणी पुरेशी आहे का? शेपटांबद्दल मला शंका आहे. पस्तीस वर्षांच्या नोंदीत शेपूट असतं तरी किती? जी घटना कधी घडलीच नाही तिच्या शक्यतेची परीक्षा नोंदींवर घेता येत नाही. फार तर एवढंच पाहता येतं की मॉडेल तिथे योग्य कारणाने पोचतंय का. पाऊस खऱ्या वादळातून पडतोय, की दोन चौकटींमधल्या गणिती गोंधळातून. हे तपासायला कुणाला तरी बसून त्या फेरीतले दिवस एकेक करून बघावे लागतात, आणि ते काम कंटाळवाणं असल्याने फार कमी लोक करतात.

शेवटी सगळं येऊन थांबतं यंत्राच्या वेळेवर. चौकट निम्मी केली की लांबी-रुंदीत मिळून चौपट ठिकाणं होतात आणि मॉडेलची पावलंही निम्म्या वेळाची करावी लागतात, म्हणजे खर्च किमान आठपट. १०० किलोमीटरच्या चौकटींवर ज्या खर्चात शंभर फेऱ्या होतात, त्यात ५० किलोमीटरवर बारा आणि २५ किलोमीटरवर एक-दोन. सह्याद्री दिसायला लागतो तोपर्यंत समूह संपलेला असतो. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठीच्या तुलनेत पहिलं भारतीय मॉडेल उतरवलं. २०२४ साली तिथे 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणकही आला. पण त्यावर हंगामी अंदाज आणि रोजचे अंदाजही आपला वाटा मागतात.

जपानने यातून एक वाट काढली, ती मला आपल्यासाठी सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते. त्यांच्या 'डी४पीडीएफ' या संचात समुद्राचं तापमान वरून ठरवून दिलेलं आहे आणि फक्त वातावरण मोकळं सोडलेलं आहे. समुद्र चालवण्याचा खर्च वाचतो. त्यामुळे साठ किलोमीटरच्या चौकटींवर भूतकाळाच्या १०० आणि चार अंश तापलेल्या जगाच्या ९० फेऱ्या झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जपानपुरत्या वीस किलोमीटरपर्यंत बारीक केल्या गेल्या. वादळं, पूर, नद्यांचं नियोजन यांसाठी तिथले अभियंते तो वापरतात. अर्थात ठरवून दिलेल्या समुद्रावर प्रशांत महासागराचा हेलकावा तपासता येत नाही, आणि समुद्राचं जे रूप दिलं ते चुकलं तर शंभरही फेऱ्या चुकतील. मान्सूनमध्ये तर हवा आणि बंगालचा उपसागर एकमेकांना सतत बदलत असतात. ते तोडलं तर पावसात काय बिघडतं, हे आधी लहान संचावर मोजावं लागेल. पण गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांसाठी अशा पन्नास फेऱ्या जरी झाल्या, तरी धरणाच्या सांडव्याची क्षमता ठरवणाऱ्या अभियंत्याला आजच्या एका रेषेऐवजी एक पट्टा मिळेल. आणि त्या पट्ट्याची परीक्षा घ्यायला आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षांच्या पर्जन्यमापक नोंदी आहेत, ज्या जगात फार थोड्या प्रदेशांकडे आहेत.